वॉल्ट डिस्ने चित्रं काढत नव्हता, मग तो नेमकं करत काय होता?

प्रश्न थोडक्यात असा: वॉल्ट डिस्नेला म्हणे मिकी माउससुद्धा धड काढता येत नव्हता, सगळं काम पगारी चित्रकारांनी केलं. मग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायच्या करमणुकीचा पाया त्याने घातला असं का म्हणतात? आणि पार्क, खेळणी, टी-शर्ट बाजूला काढले तर त्याचं म्हणून उरतं काय?

आधी आरोपाचं बघू. तो बराचसा खरा आहे. १९२४ साली अब आयवर्क्स हा जुना मित्र स्टुडिओत आला, आणि वॉल्टने अ‍ॅनिमेशनची पेन्सिल खाली ठेवली ती जवळजवळ कायमचीच. मिकीला पडद्यावर चालायला-पळायला लावलं ते आयवर्क्सने. पुढच्या मोठ्या चित्रपटांतलं काम तर शेकडो लोकांच्या हातचं. वॉल्ट हे लपवत नव्हता. एका लहान मुलाने त्याला विचारलं, मिकी तुम्ही काढता का? नाही. मग विनोद आणि गोष्टी तरी तुम्ही सुचवता का? तेही नाही. मग तुम्ही करता काय? वॉल्ट म्हणाला, मी मधमाशीसारखा स्टुडिओभर हिंडतो, इकडचे परागकण तिकडे नेतो आणि सगळ्यांना हुरूप आणतो. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा.

माझं आयुष्य अ‍ॅनिमेशनमध्ये गेलं, आधी लाइट-टेबलवर आणि नंतर शिकवण्यात. मला वाटतं मधमाशीचा किस्सा इतका गोड आहे की लोक तिथेच थांबतात. वॉल्टचं खरं काम त्याहून कडक होतं. कोणता प्रसंग ठेवायचा, कोणता कापायचा, कोणतं पात्र कोणत्या चित्रकाराच्या हाती द्यायचं, प्रेक्षकाला कुठे हसवायचं आणि कुठे घाबरवायचं, हे ठरवणारा शेवटचा माणूस तो होता. आमच्या धंद्यात हात चांगला असलेले लोक भरपूर भेटतात. असा माणूस क्वचित भेटतो.

बालपणाबद्दल फार लिहीत नाही, कारण चरित्रकारांनी त्यातून जरा जास्तच अर्थ काढले आहेत. जन्म ५ डिसेंबर १९०१, शिकागो. तो चार वर्षांचा असताना कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलीन या लहानशा गावी शेतावर राहायला गेलं. वडील आजारी पडले, शेत विकावं लागलं, आणि १९११ मध्ये सगळे कॅन्सस सिटीला आले. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रं टाकायचं काम घेतलं. वॉल्ट आणि मोठा भाऊ रॉय पहाटे साडेचारला उठून बर्फातून पेपर टाकत आणि मग शाळेत जात. वर्गात डुलक्या लागणारच. पहिल्या महायुद्धात वय वाढवून सांगून तो रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका दलात शिरला, पण फ्रान्सला पोचेपर्यंत लढाई संपली होती. परत आल्यावर जाहिरातींच्या चित्रांची नोकरी. तिथे आयवर्क्स भेटला. १९२२ मध्ये स्वतःचा 'लाफ-ओ-ग्रॅम' स्टुडिओ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं वाजलं. १९२३ च्या उन्हाळ्यात तो हॉलिवूडला गेला, कारण रॉय तिथे होता. क्षयातून बरा होत होता. त्याच ऑक्टोबरात दोघा भावांनी मिळून कंपनी सुरू केली.

या रॉयला लोक विसरतात. वॉल्टच्या प्रत्येक वेडाला पैसा उभा करून देणारा, बँकेच्या पायऱ्या झिजवणारा आणि सहसा आधी 'नाही' म्हणणारा माणूस तो. असा भाऊ पाठीशी नसता तर वॉल्ट दुसऱ्यांदा बुडाला असता.

१९२७ मध्ये त्यांनी 'ऑस्वाल्ड' नावाचा ससा काढला, तो चालला. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला, तेव्हा वितरक चार्ल्स मिंट्झ याने उलट कमी पैसे देऊ केले. वॉल्टचे बहुतेक चित्रकार त्याने आधीच फोडले होते, आणि कागदोपत्री ससा युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीच्या मालकीचा होता. वॉल्टच्या हाती काही उरलं नाही. यापुढे आपलं पात्र आपल्याच मालकीचं, ही गाठ त्याने तेव्हा बांधली. पुढची खेळणी, घड्याळं, पुस्तकं, पार्क, सगळी इमारत याच एका अटीवर उभी आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये कॉपीराइटची मुदत वाढवणारा कायदा झाला, त्याला लोकांनी मिकीचंच नाव चिकटवलं, ते उगीच नाही. (ऑस्वाल्ड डिस्ने कंपनीकडे परत आला तो थेट २००६ मध्ये, एका क्रीडा समालोचकाला करारातून मोकळं करण्याच्या बदल्यात. कार्टून सशाच्या बदल्यात जिवंत माणूस!)

आता 'स्टीमबोट विली'. हे पहिलं ध्वनी-कार्टून अशी समजूत आहे, ती चूक आहे. आवाज जोडलेली कार्टून त्याआधीही निघाली होती. फरक कुठे पडला ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण वॉल्ट काय करत होता ते इथेच दिसतं.

मिकीची पहिली दोन कार्टून मूक होती आणि त्यांना वितरक मिळत नव्हता. बोलपट नुकते आले होते. वॉल्टने ठरवलं की तिसऱ्याला, म्हणजे 'स्टीमबोट विली'ला, आवाज नंतर चिकटवायचा नाही, आवाज धरूनच चित्रं काढायची. पण कसं? सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी धावतो, हे पक्कं होतं. विल्फ्रेड जॅक्सन नावाच्या तरुण चित्रकाराची आई पियानो शिकवायची, त्यामुळे त्याला मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणारं यंत्र, माहीत होतं. सेकंदाला दोन ठोके धरले तर दर ठोक्याला १२ फ्रेम येतात. म्हणजे बाराव्या फ्रेमला पाय जमिनीवर टेकला की तो तालात टेकतो. हे गणित मांडलं आणि कागदावर प्रत्येक हालचालीसमोर संगीताची मात्रा लिहिली गेली. आजही मी विद्यार्थ्यांना चाल शिकवतो तेव्हा सुरुवात बारा फ्रेमच्या पावलापासूनच होते.

अर्धं काम झाल्यावर एका रात्री चाचणी घेतली. प्रोजेक्टरच्या घरघरीने आवाज बुडू नये म्हणून रॉयने तो खिडकीबाहेर ठेवून चालवला. आत जॅक्सन माउथऑर्गन वाजवतोय, आयवर्क्स भांडी बडवतोय, वॉल्ट तोंडाने आवाज काढतोय, आणि समोर घरच्या बायका प्रेक्षक म्हणून बसलेल्या. जमलं! पण न्यूयॉर्कला खऱ्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करताना पहिला प्रयत्न वाया गेला, वादकांना पडद्याशी मेळ साधेना. दुसऱ्यांदा फिल्मवरच ठोक्यागणिक उसळणारा चेंडू छापून घेतला, वाद्यवृंद लहान केला, आणि खर्चासाठी वॉल्टने रॉयला आपली गाडी विकायला सांगितली. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये ते दाखवलं गेलं. पुढे जवळपास दोन दशकं मिकीचा आवाज वॉल्टचाच होता. चित्र आयवर्क्सचं, ताल जॅक्सनचा. पण दोन्ही एकाच कागदावर आले पाहिजेत हा हट्ट वॉल्टचा.

यानंतरची सात-आठ वर्षं म्हणजे त्याने स्टुडिओची शाळा करून टाकली, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई. १९३२ मध्ये 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' हे कार्टून नव्या तीन-रंगी टेक्निकलरमध्ये आणलं. त्याआधी त्याचं काळ्या-पांढऱ्यात बरंच काम झालं होतं. ते टाकून दिलं. वर टेक्निकलरशी असा करार केला की काही वर्षं ते तंत्र दुसऱ्या कार्टूनवाल्यांना मिळूच नये. हे धंद्यातलं बेरकीपण झालं. पण त्याच काळात त्याने शुइनार्ड कलाशाळेच्या डॉन ग्रॅहमला नेमून चित्रकारांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. मॉडेल बसवून रेखाटन, प्राण्यांच्या हालचाली, चित्रपटातले तुकडे फ्रेम-फ्रेम थांबवून अभ्यास. रोज हसवून पोट भरणाऱ्या लोकांना शरीरशास्त्र शिकवायचं, तेही मंदीच्या काळात आणि मालकाच्या खर्चाने. इतरांना ते खुळ वाटलं असेल.

स्टोरीबोर्डही इथलाच. गोष्टीचे प्रसंग वेगवेगळ्या कागदांवर काढून भिंतीवर टाचणीने लावायचे, म्हणजे कागद हलवता येतात, काढता येतात. आज जाहिरातपटापासून युद्धपटापर्यंत सगळे ही पद्धत वापरतात. बोर्डासमोर उभं राहून चित्रकाराने गोष्ट नटवून सांगायची आणि वॉल्टने ऐकायची. तो खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरायला लागला की सांगणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा, असं त्याच्याकडे काम केलेल्यांनी लिहून ठेवलंय. पुढची पायरी पेन्सिल टेस्ट: कच्ची रेखाटनंच चित्रित करून एका कोंदट खोलीत बघायची. तिला स्टुडिओत 'स्वेटबॉक्स' म्हणत. तिथे घाम गाळल्याशिवाय काही पुढे जात नसे.

१९३३ चं 'थ्री लिटिल पिग्ज' बघा. तिन्ही डुकरं दिसायला सारखीच, पण वागण्यावरून तिघं वेगळी कळतात. तोवर कार्टूनमधलं पात्र म्हणजे विनोद लटकवायची खुंटी होती. इथून ते माणूस झालं. आणि लांडग्याला कोण घाबरतंय हे त्यातलं गाणं मंदीत पिचलेल्या अमेरिकेने उचलून धरलं.

मग 'स्नो व्हाइट'. १९३४ मधल्या एका संध्याकाळी वॉल्टने चित्रकारांना जेवून यायला सांगितलं, साउंड स्टेजवर बसवलं आणि एकट्याने सबंध गोष्ट करून दाखवली. राणी झाला, म्हातारी झाला, सातही बुटके झाला. तिथे बसलेले लोक पुढे म्हणायचे की नंतरची तीन वर्षं कुठेही अडलो की ती संध्याकाळ आठवायचो. ज्याला चित्रं काढता येत नाहीत तो दिग्दर्शन कसं करतो, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

ग्रिम बंधूंच्या गोष्टीत बुटक्यांना नावं नाहीत. वॉल्टला प्रत्येकाचं नाव, स्वभाव, चाल वेगळी हवी होती. चालेल अशा प्रत्येक विनोदाला स्टुडिओत पाच डॉलर बक्षीस होतं. वॉर्ड किंबल नावाच्या तरुण अ‍ॅनिमेटरने बुटके सूप पितात तो सगळा प्रसंग महिनोन् महिने खपून केला. उत्तम झाला होता; आज त्याची पेन्सिल चित्रं बघितली तरी हसू येतं. वॉल्टने तो पूर्ण कापला. कारण एवढंच की त्या वेळी प्रेक्षकाला राणी काय करतेय याची धास्ती लागलेली असते, आणि सूप ती धास्ती मोडतं. किंबल इतका दुखावला की नोकरी सोडायच्या विचारात होता. तो राजीनामा द्यायला गेला आणि पुढच्या चित्रपटातलं 'जिमिनी क्रिकेट' हे पात्र घेऊन बाहेर आला. हे दोन्ही निर्णय, काप आणि नेमणूक, एकाच माणसाचे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो, कारण आपलं चांगलं काम कापलं गेलं की पहिली शंका कापणाऱ्याच्या अकलेची येते.

अंदाजपत्रक अडीच लाख डॉलरचं होतं, खर्च पंधरा लाखांच्या घरात गेला. हॉलिवूड याला 'डिस्नेचा मूर्खपणा' म्हणत होतं. दीड तासाचं कार्टून कोण बघणार? २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. बुटके स्नो व्हाइटभोवती रडतात तो प्रसंग फ्रँक थॉमसने केला होता. त्यात हालचाल जवळजवळ नाहीच. एक थेंब ओघळतो, एक मान खाली जाते. सभागृहातले लोक रडले. रेषेने काढलेल्या, रंग भरलेल्या आकृतीसाठी मोठी माणसं रडतात, हे त्या रात्री कळलं. पहिल्याच फेरीत चित्रपटाने सुमारे ८० लाख डॉलर आणले.

'कौटुंबिक' या विशेषणाबद्दल इथेच बोलायला हवं. आज त्याचा अर्थ झालाय निरुपद्रवी, म्हणजे लहानांना खटकणार नाही असं काहीतरी. वॉल्टचा अर्थ तो नव्हता. मी मुलांसाठी चित्रपट काढत नाही, हे तो वारंवार सांगायचा. 'स्नो व्हाइट' इतका भीतिदायक होता की ब्रिटनच्या सेन्सॉरने मुलांनी मोठ्यांशिवाय बघू नये असं प्रमाणपत्र दिलं. 'बॅम्बी'त आई मरते. 'पिनोकिओ'त पोरांची गाढवं होतात, आणि त्यातली सगळी परत माणसं होत नाहीत. आई-बाप आणि मूल शेजारी बसून एकाच गोष्टीला घाबरतील, एकाच गोष्टीला हसतील, हे त्याला साधायचं होतं. कंपनीच्या आजच्या अनेक चित्रपटांत मोठ्यांसाठी वरून टोमणे आणि लहानांसाठी खालून धडपड अशी वाटणी असते. ती वॉल्टची पद्धत नाही.

आता काळी बाजू, आणि ती बारीक नाही.

'स्नो व्हाइट'च्या पैशातून बरबँकला नवा स्टुडिओ झाला, पण युरोपात युद्ध पेटलं आणि 'पिनोकिओ' व 'फँटेशिया' (दोन्ही १९४०) बुडाले. पगारातली तफावत, पडद्यावर नाव न येणं, बोनसबद्दलचा संशय आणि नोकरकपात हे सगळं साचत गेलं. आर्ट बॅबिट हा वरच्या पगाराचा अ‍ॅनिमेटर, पण तो युनियनच्या बाजूने उभा राहिला. वॉल्टने त्याला काढलं आणि २९ मे १९४१ ला संप झाला. वॉल्टला तो घरच्यांनी केलेला दगा वाटला. ज्याने सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची रीत घातली, त्याला ते नोकर आहेत आणि त्यांना हक्क आहेत हे पचलं नाही. सरकारने त्याला सदिच्छा दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत पाठवलं आणि तो नसतानाच तडजोड झाली. १९४७ मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देताना त्याने संपात असलेल्या एका जुन्या चित्रकाराचं नाव कम्युनिस्ट म्हणून घेतलं. हे त्याचं सगळ्यात वाईट रूप.

पण संपाने एक गंमतही केली. बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुढे यूपीए हा स्टुडिओ उभारला आणि डिस्नेची गोलाई, खोली, बारकावा सगळं मुद्दाम टाकून सपाट, आधुनिक चित्रशैली आणली. डिस्नेच्या विरोधात उभी राहिलेली शैलीसुद्धा डिस्नेच्याच वर्गात शिकलेल्यांची.

बायकांना शाई आणि रंग भरण्याच्या खात्यात बसवलं जाई. सेलवर, म्हणजे चित्र उतरवायच्या पारदर्शक तावावर, रेघ ओढायचं काम अत्यंत कौशल्याचं, पण पडद्यावर नाव नाही. सर्जनशील काम बायका करत नाहीत असं लिहिलेलं स्टुडिओचं १९३८ चं नकारपत्र प्रसिद्धच आहे. पुढे रेटा स्कॉटला 'बॅम्बी'साठी अ‍ॅनिमेटर म्हणून श्रेय मिळालं आणि मेरी ब्लेअरच्या रंगांनी १९५० च्या 'सिंड्रेला'पासूनचे चित्रपट उजळले, पण ही अपवादांची यादी आहे. १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' गोऱ्या मालकांच्या शेतावरचं जगणं गुलाबी करून दाखवतो म्हणून प्रदर्शनाच्या वेळीच कृष्णवर्णीयांच्या संघटनेने त्यावर टीका केली. कंपनी आता तो दाखवतच नाही. आणि उंदरासारखे लेमिंग कळपाने कड्यावरून आत्महत्या करतात हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल, तर त्यात मोठा वाटा डिस्नेच्या १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटाचा. तो प्रसंग घडवून चित्रित केलेला होता. त्याला ऑस्कर मिळालं!

डिस्नेलँड पार्कची गोष्ट लोकांना माहीत असते, म्हणून मी त्यातला आमच्या कामाशी जुळणारा भागच सांगतो. वॉल्ट सांगायचा की दोन्ही मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवून तो बाकावर शेंगदाणे खात बसायचा आणि वाटायचं, आई-बाप आणि मुलं एकत्र मजा करतील अशी जागा का नाही? पुन्हा तोच विचार: शेजारी बसून एकच अनुभव. पैसा उभा करायला टीव्हीचा उपयोग केला. बाकीचे हॉलिवूडवाले टीव्हीला शत्रू मानत होते, तेव्हा त्याने एबीसी वाहिनीला साप्ताहिक कार्यक्रम दिला आणि बदल्यात पार्कमध्ये भांडवल मिळवलं. ऑक्टोबर १९५४ पासून तो स्वतः दर आठवड्याला लोकांच्या दिवाणखान्यात बसून बोलू लागला. 'अंकल वॉल्ट' जन्मला तो इथे.

डिस्नेलँड आखलं ते बहुतांशी चित्रपटाच्या कलादिग्दर्शकांनी आणि अ‍ॅनिमेटरांनी. म्हणून ते सिनेमासारखं उलगडतं. आत शिरायला दार एकच, म्हणजे पहिला प्रसंग सगळ्यांना सारखाच. चहूबाजूंनी मातीचा उंच बांध, म्हणजे बाहेरचं शहर फ्रेममध्ये येत नाही. मार्सलीनच्या आठवणीतला मुख्य रस्ता, आणि त्याच्या टोकाला किल्ला, म्हणजे पाय आपोआप तिकडे वळतात. एका 'जगा'तून दुसऱ्यात जाताना जमिनीचा पोत, संगीत, झाडं हळूहळू बदलतात, पडद्यावर एका दृश्यात दुसरं विरघळावं तसं. आज कुठलाही मॉल, विमानतळ किंवा संग्रहालय आखताना लोकांना कुठे थांबवायचं, कुठे वळवायचं याचा जो विचार होतो, त्यात हे शिक्षण मुरलेलं आहे. खोटं, चकचकीत, नको ते झाकून टाकणारं असं जे 'डिस्नेकरण' म्हणून हिणवलं जातं, तेही इथूनच निघालं. दोन्ही खरं आहे.

१७ जुलै १९५५ चं उद्घाटन मात्र फजितीचं होतं. बनावट पासांवर हजारो लोक घुसले, उन्हात ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, नळ कामगारांच्या संपामुळे पाण्याचे नळ अपुरे होते, आणि हे सगळं देशभर टीव्हीवर थेट दिसत होतं.

१९६४ चा 'मेरी पॉपिन्स' हा त्याचा शेवटचा मोठा विजय. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, स्टुडिओसमोरच्याच इस्पितळात. त्याचं शरीर गोठवून ठेवलंय ही अफवा आहे. दोन दिवसांत दहन झालं. निवृत्तीच्या बेतात असलेला रॉय थांबला, फ्लोरिडातलं पार्क पूर्ण करून घेतलं, ऑक्टोबर १९७१ मध्ये ते भावाच्या नावाने उघडलं आणि त्याच डिसेंबरात गेला. वॉल्टच्या नावावर स्पर्धेतली २२ ऑस्कर आहेत. इतकी अजून कोणाकडेच नाहीत.

प्रभाव कुठवर गेला याची दोन उदाहरणं देतो. जपानचा चित्रकथाकार ओसामू तेझुका 'बॅम्बी' पुन्हा पुन्हा बघायचा, त्याने त्याची चित्रकथाही केली. जपानी कॉमिक्समधल्या मोठ्या, बोलक्या डोळ्यांची मुळं शोधताना सगळे डिस्नेपाशी येतात ते यामुळे. आणि आपल्याकडे? क्लेअर वीक्स हा मिशनऱ्यांचा मुलगा भारतातच जन्मलेला. 'स्नो व्हाइट' आणि 'बॅम्बी'वर काम केलेला हा अ‍ॅनिमेटर १९५६ च्या सुमारास अमेरिकी तांत्रिक सहकार्यातून मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आला. त्याच्या हाताखाली जातककथेवरचं 'द बॅनियन डिअर' झालं, आणि राम मोहन यांच्यासारखे लोक तयार झाले, ज्यांनी पुढे दोन पिढ्या घडवल्या. म्हणजे डॉन ग्रॅहमच्या संध्याकाळच्या वर्गातला धडा वीस वर्षांनी मुंबईत पोचला. दूरदर्शनवर रविवारी 'डकटेल्स' लागायच्या कितीतरी आधी.

ज्यांना हे वाचून पुढे काही बघायचंय त्यांनी 'स्टीमबोट विली'पासून सुरू करा. १ जानेवारी २०२४ पासून ते अमेरिकेत सार्वजनिक मालकीचं झालंय, सहज सापडेल. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा आणि बोटांनी टेबलावर ताल धरा. बहुतेक वेळा तो लागतो. मग 'थ्री लिटिल पिग्ज' बघा, पण फक्त विटांचं घर बांधणाऱ्या डुकराकडे लक्ष ठेवा. त्यानंतर 'स्नो व्हाइट' लावा, आणि राणी म्हातारी झाल्यापासून ती दारात येईपर्यंत मध्ये काय काय दाखवलंय ते कागदावर लिहून काढा. सूपचा प्रसंग त्या यादीत कुठे बसवता येतो का, तेही बघा.